राऊळांच्या मोटारसायकलीचा कौल

म्हैस रस्त्याच्या बरोबर मधोमध उभी होती. तिच्या डाव्या बाजूने गाडी जाईल एवढी जागा होती आणि उजव्या बाजूनेही तेवढीच. दुसरा कुणी असता तर कुठल्या तरी एका बाजूने निघून गेला असता आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण गाडीवर आमचे हे होते.

मी राऊळांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी राहून बघत होते. शेजारी गाडीचे मालक जयरामभाऊ राऊळ, दोन्ही हात आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर ठेवून. ह्यांनी लांबूनच म्हैस बघितली आणि वेग कमी केला. हँडल थोडं डावीकडे वळलं. मग उजवीकडे वळलं. मग पुन्हा डावीकडे. म्हैस बिचारी सरकायला तयार होती, पण कुठल्या बाजूला सरकायचं हे तिला तरी कसं कळावं? शेवटी गाडी तिच्या तोंडापाशी येऊन थांबली. आता पाय टेकायचा तर कुठला, हाही प्रश्नच होता. त्याचा निकाल लागायच्या आत ती तीन माणसांच्या वजनाची मोटारसायकल हळूच, अगदी अदबीने, कडेच्या चिखलात आडवी झाली आणि तिच्याबरोबर आमचे हेही.

"आवशीक खाव!" जयरामभाऊ ओरडले. "पडली गो माझी गाडी!"

माझा नवरा पडला त्याचं त्यांना काही नव्हतं.

मी पदर खोचून धावले. ह्यांना लागलेलं नाही हे ते म्हशीची माफी मागत होते त्यावरून कळत होतं, म्हणून आधी गाडीला हात घातला. कंबर वाकवून, गुडघ्याचा जोर लावून ती उभी केली आणि पुन्हा कलंडू नये म्हणून तिच्यावर बसले. रुक्मिणीकाकू, म्हणजे जयरामभाऊंची बायको, चहा घेऊन आल्या, तोही मी तिथेच बसून प्यायले.

"स्टँड आसा गो तिका," जयरामभाऊ म्हणाले. "स्टँडार लाव आणि उतार खाली."

"रवांदे ओ. घसारली बिसारली तर?" मी म्हणाले आणि बशीत आणखी थोडा चहा ओतून घेतला.

गाडी जुनी होती. पण साधी फटफटी नव्हे, लांबच्या पल्ल्याची. रुंद हँडल, मोठी टाकी, मागच्या माणसाला टेकायला पाठ, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. जयरामभाऊ मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन कोंडेवाडीला आले ते ह्याच गाडीवरून, आणि पुढे कितीतरी वर्षं काकूंना मागे बसवून त्यांनी कच्छपासून रामेश्वरापर्यंत मुलूख पालथा घातला. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. गाडी पडवीत उभी होती आणि पेट्यांमध्ये काकू कोकमाची सोलं साठवत होत्या.

"रामेश्वर बगलंय, द्वारका बगलंय," काकू मला म्हणाल्या. "पण खरा सांगू? माका आठवता ती ह्यांची पाठ. घेऊन जावा गो ती एकदाची. माझी पडवी तरी मोकळी होतली."

परत कुडाळला जाताना ह्यांनी बसमध्ये कपड्यांवरचा चिखल खरवडत विचारलं, "तुका काय वाटता? घेवया?"

"तुमीच ठरवा," मी म्हणाले.

हे दोन शब्द माझ्या तोंडून बाहेर काढायला मला किती कष्ट पडले ते कळण्यासाठी आम्हा दोघांची थोडी ओळख करून द्यायला हवी. आमचे हे, दिगंबर धुरी, एका वाचनालयात ग्रंथपाल. कुणी दोन पुस्तकं पुढे धरून "ह्यातलं कुठलं नेऊ?" असं विचारलं की हे सांगणार, "दोन्ही चांगली आहेत." हॉटेलात गेलो तर मेनूकार्ड पुढून वाचणार, मागून वाचणार आणि शेवटी म्हणणार, "हिका काय ता माका." मला बघायला आले होते तेव्हा होकारसुद्धा त्यांच्या आत्याने दिला होता. आणि मी? मी एस.टी.त कंडक्टर. मी दोरी ओढून घंटी वाजवल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. "पुढे सरका, पुढे जागा आहे" हे मी झोपेतही म्हणते, असं हे सांगतात. घराला रंग कुठला द्यायचा, दुखणारी दाढ ठेवायची की काढायची, सगळं मीच ठरवायची आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

मग ह्या म्हशीच्या प्रकरणाच्या थोडं आधी, गणपतीला, आमची मुलगी स्वरूपा पुण्याहून आली. ह्यांच्याबद्दल माझी नेहमीची टकळी चालू होती. मोदक वळता वळता ती एकदम म्हणाली, "आई, बाबा काही ठरवत नाहीत म्हणतेस, पण तू ठरवू देतेस का? त्यांनी तोंड उघडायच्या आत तुझी घंटी वाजते."

मला ते फार लागलं. लागलं अशासाठी की एक काळजी मला आतून खात होती आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. उद्या मी नसले तर ह्या माणसाचं काय होणार? भाजीवाल्यासमोर भेंडी घेऊ की गवार, असं म्हणत संध्याकाळपर्यंत उभे राहतील. त्याच आठवड्यात हे जेवताना म्हणाले, "राऊळांची मोटारसायकल विकूची आसा म्हणतत. बगून येवया काय?" माझ्या हातातला पळीभर भात तसाच राहिला. सबंध संसारात ह्या माणसाने पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी हवं म्हटलं होतं. मी मनाशी ठरवलं, ह्या गाडीच्या बाबतीत आपण मिठाची गुळणी धरायची. हो म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही. एवढी एक गोष्ट तरी हे स्वतः ठरवतील आणि मी निर्धास्त होईन.

हे मनाशी ठरवणं सोपं होतं. पुढचे दोन महिने काही सोपे गेले नाहीत.

किमतीचा प्रश्न नव्हता, ती जयरामभाऊंनी वाजवी सांगितली होती. प्रश्न फक्त घ्यायची की नाही एवढाच. सकाळच्या चहाबरोबर गाडी घ्यायचं नक्की व्हायचं आणि संध्याकाळच्या चहाबरोबर ते रद्द व्हायचं. "कोल्हापूर, बेळगाव, खंयव जावक येतला," हे सकाळी म्हणायचे. "ह्या वयात पडलंय बिडलंय तर?" हे संध्याकाळी. मध्ये मध्ये माझ्याकडे बघायचे. मी कांदा चिरत राहायची. घरात गिळलेले शब्द कुठेतरी बाहेर पडणारच, त्यामुळे त्या दोन महिन्यांत माझ्या बसमधल्या प्रवाशांचे फार हाल झाले.

मग ह्यांनी गॅरेजवाल्या पास्कू मेस्त्रीला कोंडेवाडीला नेऊन गाडी दाखवली. पास्कूने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, इंजिन चालू करून कान लावला, बंद केलं.

"बरी आसा," तो म्हणाला. "पण जुनी आसा."

"मगे घेव नको म्हणतंस?"

"तसा नाय. जुनी आसा, पण बरी आसा."

हरवलेला सख्खा भाऊ भेटावा तसा ह्यांना आनंद झाला. दोघे पडवीत तासभर बोलत बसले होते म्हणे. परत आले तेव्हा मुद्दा तसूभरही पुढे सरकला नव्हता.

त्या काळात मी कोंडेवाडीच्या फेरीची ड्यूटी दोन-तीनदा मागून घेतली. त्या फेरीला बस राऊळांच्या खळ्यावरून जाते. गाडी दुसऱ्या कुणी नेली तर नाही ना, एवढं बघून ठेवायचं होतं, ह्यांच्यासाठी. एकदा काकूंनी पडवीतून हात केला तर मी घंटी द्यायची विसरले आणि ड्रायव्हर विचारायला लागला, "धुरीबाई, काय झाला? जीव बरो नाय?"

शेवटी एका सकाळी हे आंघोळ करून, कोरा सदरा घालून पुढे आले आणि म्हणाले, "देवाक इचारूया."

दोन महिने मी जीभ चावून बसले ती ह्यांनी ठरवावं म्हणून, आणि ह्यांनी काय केलं, तर प्रश्न उचलून देवाच्या दारात नेऊन ठेवला. माझ्या जागी देव आला, एवढाच फरक. पण बोलायची सोय नव्हती. मी फुलांचा पुडा बांधून घेतला.

कोंडेवाडी हे ह्यांचं मूळ गाव, राऊळांचंही तेच. रवळनाथ दोघांचाही ग्रामदेव. आमच्याकडे लग्न, विहीर, भावाभावांतली वाटणी, कुठलंही घोडं अडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाण्याचं एकेक वाक्य संपलं की देवळात असतील नसतील त्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. ही सवय आम्हाला आईच्या मांडीवरची. तोंड आपोआप बोलतं, कशाला होय म्हटलं ते कुणी बघत नाही.

रविवार असल्यामुळे देवळात आपापले प्रश्न घेऊन बरीच मंडळी बसली होती. सोमा गुरवाने आमची फुलं घेतली, पाकळ्या लावल्या आणि आवाज चढवला.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा म्हाराजा! आज ह्यां धुऱ्यांचा घर तुझ्या पायाकडे इला हा. राऊळांची फटफटी ह्या घरान घेवची काय नाय, तां समजत नाय. ह्येंच्या मनाची चलबिचल दूर कर आणि काय तो उजेड पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी टपकन पडली. एवढ्या लवकर की ह्यांना हात जोडायलाही वेळ मिळाला नाही.

"उजवो?" ह्यांनी विचारलं.

"उजवो," सोमा म्हणाला.

"नक्की? म्हणजे आमच्या बाजून उजवो की देवाच्या बाजून?"

सोमाने ह्यांच्याकडे असं बघितलं की ह्यांनी पुढचं काही विचारायच्या आत मी ह्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. खरं सांगते, देवावर रागावून आले होते ती मी, पण पायरीवर चपला घालताना मी गुणगुणतेय हे माझं मलाच ऐकू आलं. गाडी येणार होती. वाटेत पेढे घेतले आणि आम्ही राऊळांच्या खळ्यात गेलो.

जयरामभाऊंनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसला आणि म्हणाले, "गाडी देवची नाय."

"अहो, पण देवान 'घे' म्हणान सांगल्यान!" हे म्हणाले.

"माका 'नको' म्हणान सांगल्यान. परवाच इचारून इलंय. डावो दिल्यान. तुझ्या हातात गाडी देवक माझो जीव धजा नाय, दिगंबरा. ती म्हस बगलंय तेवापासून माका झोप नाय."

काकू आतून सूप घेऊनच बाहेर आल्या. "कौल? तुमी कदी गेल्लास कौल लावक?"

"तू बाजाराक गेललंस तेवा."

"शिरा पडो त्या फटफटीर! माझी पडवी सोडवूची सोडून देवाक खोटो त्रास!"

"खोटो कसो? देवानच सांगल्यान!"

"आमकाव देवानच सांगल्यान," हे म्हणाले. इतका वेळ मी ह्यांना कधी भांडताना पाहिलं नव्हतं. देव एक, गाव एक, गुरव एक, आणि उत्तरं दोन. जयरामभाऊंनी काठी घेतली, काकूंनी सूप खाली ठेवलं आणि आमची चौघांची वरात तशीच देवळाकडे निघाली. वाटेत "काय झाला?" असं विचारत आणखी दहाबारा जण मागे लागले. आमच्या गावात रविवारी दुसरं करायला असतं तरी काय?

सोमा गुरव पंचाईतीत सापडला. दोन्ही कौल त्यानेच लावलेले.

"परवा जयरामभाऊन इचारल्यान, 'दिगंबर धुऱ्याक गाडी देवची काय?' देवान डावो दिल्यान," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आज धुऱ्यांच्या घरान इचारल्यान, 'घेवची काय?' देवान उजवो दिल्यान. दोन्ही कौल खरे. देव खोटा बोलणा नाय."

"मगे आता रे?"

"मगे आता तिसरो लावूचो. 'देवा, काय तां एकच सांग,' म्हणान."

पुन्हा पाकळ्या लागल्या. पुन्हा गाऱ्हाणं झालं. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं आणि आम्ही पाषाणाकडे बघत बसलो. पाकळी पडेना. डावीही नाही आणि उजवीही नाही. कुणीतरी उठून पंखा बंद केला. मग कुणीतरी म्हणालं की वाऱ्याशिवाय पडणार कशी, म्हणून चालू केला. जयरामभाऊ खांबाला टेकून गुडघे चोळत होते. मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "देव इचारात पडलो."

"दिगंबराचो गुण लागलो देवाक," दुसरा म्हणाला आणि सबंध देऊळ हसलं.

मला हसू आलं नाही. भर गावात माझ्या नवऱ्याला हसत होते. आणि त्याच वेळी हे उभे राहिले. सदरा नीट केला. गर्दीसमोर बोलायला लागलं की ह्यांचा आवाज घशातल्या घशात राहतो, पण त्या दिवशी अगदी स्वच्छ, मागच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल असे हे म्हणाले, "बास झाला. देवाक आणखी त्रास नको. माझा ठरला. गाडी घेवची नाय."

जयरामभाऊ गुडघे चोळायचे थांबले.

ज्याची मी दोन महिने वाट बघत होते ते हेच. ह्यांनी ठरवलं होतं. कुणाला न विचारता, माझ्याकडे न बघता, देवाचंही न ऐकता. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू? बसचा मधला रस्ता. सगळी नोकरी मी त्या मधल्या रस्त्यात तोंड मागे करून उभी राहिले. गाडी पुढे जाते, ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसतो, आणि मला दिसतात ती तिकिटाला पुढे आलेली माणसं आणि मागच्या काचेतून लांब लांब जाणारं सगळं. माड मागे जाताना, नदी मागे जाताना, पूल मागे जाताना. आणि चिखलात उभी केलेली ती गाडी धरून मी बसले होते तेव्हा त्या रुंद हँडलच्या वर मला फक्त पुढचा रस्ता दिसला होता, म्हशीच्या दोन्ही बाजूंनी मोकळा.

"घेवची!" मी ओरडले.

बावीस वर्षं डिझेल इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय असलेली बाई मी. तो आवाज गाभाऱ्यात घुमला, आणि आवाज घुमला की पुढे काय करायचं हे कोंडेवाडीच्या माणसांना शिकवावं लागत नाही.

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ एकमुखाने म्हणालं. जयरामभाऊसुद्धा म्हणाले. आणि बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

उजवी पाकळी पडली. ती माझ्या आवाजाच्या हादऱ्याने पडली असं काही जण अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

सोमा गुरवाने पाकळी उचलून कपाळाला लावली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. "आता समाजला," तो म्हणाला. "दिगंबराक देव नाय म्हणालो. धुऱ्यांच्या घराक होय म्हणालो. मगे धुऱ्यांच्या घरात दुसरा कोण आसा?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उगाच पदर सारखा केला.

"माका खंय येता चालवूक?" मी म्हणाले.

"मी शिकवतंय," जयरामभाऊ म्हणाले. ते काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरले होते. "तुका देतंय गो बाय. चिखलातसून हातान उभी केललंस तेवाच खरा तर तुका देवक होयी होती, पण बायलमाणसाक कोण इचारता? एकच सांगणा. जत्रेक माका मागे बसवून गावातसून एक फेरी मारूची."

"आणि माका?" काकू म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "नको बाय. माका माझी पडवी पुरे." आणि पेट्यांतली सोलं काढायला त्या सगळ्यांच्या पुढे निघून गेल्या.

शिकायला मला बराच वेळ लागला. शाळेच्या मैदानावर जयरामभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ओरडायचे, "क्लच! क्लच गो! घंटी नाय ती, हळू सोड!" आणि मागून आमचे हे धावायचे, मी पडले तर धरायला. मी दोनदा पडले आणि दोन्ही वेळा हे चुकीच्या बाजूला होते. पण मला लायसन्स मिळालं. डेपोत ही बातमी कळल्यावर ड्रायव्हर लोकांनी पेढे मागितले आणि थोडे घाबरलेही.

गाडी कुडाळला घरी आणायचा दिवस उजाडला. कोंडेवाडीचा चढ चढून गाडी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, आली आणि मी ती कडेला घेऊन थांबवली. समोर रस्ता लांबपर्यंत सरळ दिसत होता. हे खाली उतरले, हेल्मेट काढलं, चष्मा पुसायला लागले. मला एक गोष्ट इतके दिवस डाचत होती. बोलून टाकलेली बरी म्हणून मी म्हणाले, "अहो, माझा चुकला. तुमी पयल्यांदाच एक गोष्ट स्वतः ठरवलात, आणि मी ती भर देवळात मोडून टाकलंय."

"मोडूक नाय," हे म्हणाले.

"मोडूक नाय कशी? तुमी नको म्हणालात, मी घेवची म्हणालंय."

हे चष्म्याला फुंकर मारत राहिले. "माका गाडी होयी की नको, तां माका अजून समजूक नाय," ते म्हणाले. "पण तुका होयी, तां माका समजला. तू आपली तोंड मिटून. दोन म्हयने वाट बगलंय, आता बोलशील, मगे बोलशील. देवळात माझ्या मनात इला, मी 'घेवची' म्हटलंय तर तू गप रवतलंस, आणि जन्मभर ती ह्यांची गाडी म्हणान तिका पुसतलंस. म्हणान 'नको' म्हटलंय. मी नको म्हटलंय काय तुझा तोंड उघडता. ह्यां मी लग्नापासून बगतंय."

मी गाडीवर बसल्या बसल्या गार पडले.

लग्नापासून? एस.टी.त महिला कंडक्टर घेणार अशी जाहिरात आली होती तेव्हा हे म्हणाले होते, "नको गो, बायलमाणसाचा काम नाय तां." मी चिडून दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला होता. स्वरूपाला पुण्याला शिकायला पाठवायचं निघालं तेव्हा हे म्हणाले होते, "नको, लांब आसा." मी आठवडाभर भांडून तिला पाठवली होती. ह्या दोन लढाया जिंकल्याचा मला केवढा अभिमान होता. माहेरी, शेजारी, डेपोत, सगळीकडे मी सांगत आले होते की मी होते म्हणून झालं, ह्यांच्या भरवशावर राहिले असते तर चूल फुंकत बसले असते.

"अहो," मी म्हणाले, "खरा सांगा. देवळात केलात तां पयल्यांदाच केलात ना?"

ह्यांनी चष्मा लावला, हेल्मेट डोक्यावर घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावायला लागले. तो खटका लागायला क्षण पुरतो. ह्यांना कितीतरी वेळ लागला. मी आरशातून बघत होते, पण काचेआडून ह्यांचे डोळे काही दिसत नव्हते. मग हे मागे बसले, पाठीला नीट टेकले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल. रस्तो मोकळो आसा."